कोपरखैरणे ते कोर्ट नाका, मामाची साक्ष आणि ग्रिशम

गेल्या मंगळवारी मामाची ठाणे कोर्टात उलटतपासणी होती, घराच्या वाटणीची जुनी केस. मामी म्हणाली त्याला एकट्याला सोडू नकोस गं, बीपी वाढतं, म्हणून मी सुट्टी टाकली आणि कोपरखैरण्याहून आम्ही दोघांनी सकाळची ट्रान्स हार्बर पकडली. रबाळ्याला मामाला चौथी सीट मिळाली, मी दारापाशी जॉन ग्रिशम या अमेरिकन लेखकाची कोर्टकचेरीवरची कादंबरी 'द फर्म' काढून उभी. कितव्यांदा वाचतेय विचारू नका.

ठाण्याला उतरून रिक्षाने कोर्ट नाका. नोटरीची टेबलं, स्टँप वेंडर, झेरॉक्सवाले, काळे कोट हातावर टाकून चहा पिणारे वकील. जवळच जुन्या किल्ल्यात सेंट्रल जेल आहे, तिथून आरोपींची गाडी आली तशी एक बाई पटकन पुढे झाली, हातात पार्ले-जीचा पुडा, आणि गाडीतून उतरणाऱ्या पोरगेल्याशा मुलाकडे नुसती बघत राहिली. पुडा हातातच राहिला.

ग्रिशम अशाच आवारात दहाएक वर्षं वावरला. लहानपणी त्याला बेसबॉल खेळायचं होतं, १९८१ मध्ये वकील झाला आणि मिसिसिपीतल्या साउथहेवन नावाच्या छोट्या गावात प्रॅक्टिस सुरू केली, पुढे तिथल्या विधानसभेवरही निवडून गेला. १९८४ मध्ये एका कोर्टात त्याने बलात्कार झालेल्या १२ वर्षांच्या मुलीची साक्ष ऐकली. आपल्याकडे अशी साक्ष इन कॅमेरा होते, बाहेरच्या कोणाला बसता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ते ऐकून त्याच्या डोक्यात एक प्रश्न घुसला की या मुलीच्या बापाने त्या लोकांना मारून टाकलं तर? मग रोज पहाटे ५ ला उठून, ऑफिसला जायच्या आधी, वकिलांच्या त्या पिवळ्या पॅडवर हाताने लिहायचं, असं तीन वर्षं. त्यातून 'अ टाइम टू किल' झाली, ती कितीतरी प्रकाशकांनी परत पाठवली, शेवटी एका छोट्या प्रकाशकाने ५००० प्रती काढल्या आणि त्यातल्या हजार ह्यानेच विकत घेऊन गाडीच्या डिकीतून विकल्या! 'द फर्म' १९९१ ची, ती ४७ आठवडे बेस्टसेलर यादीत होती, पण मला भारी वाटतात ती आधीची तीन वर्षं, जेव्हा हे पुस्तक छापलं तरी जाईल का हे त्यालाही माहीत नव्हतं.

दुपारी शिपायाने मामाच्या नावाचा पुकारा केला. समोरच्या वकिलांनी विचारलं, वडील वारले त्या दिवशी तुम्ही कुठे होता? मामा म्हणाला, "साहेब, आंब्याखाली बाबांची खाट टाकली होती, मी पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होतो, पाय गार पडत चालले होते." जज मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि टायपिस्टला मामाचा जबाब म्हणून लिहायला सांगितलं, "त्या वेळी मी घराच्या अंगणात हजर होतो."

त्यात चूक काहीच नाही, कोर्टाला तेवढंच लागतं. पण मागच्या बाकावर बसून माझ्या घशात आवंढा आला, आणि मला वाटतं ग्रिशम पहाटे उठून हेच लिहीत असणार, जे रेकॉर्डवर येत नाही ते, गार पडत चाललेले पाय. त्याच्या गोष्टींचा वेग सगळ्यांना आवडतो, मलाही, पण माणसाचं बोलणं त्याने किती कान देऊन ऐकलं असेल हे मला त्या बाकावर कळलं.

परतीच्या गाडीत मामा गप्पच होता. दिघा गेल्यावर म्हणाला, "अगं, मी खाटेचं बोललो ना? ते घेतलंच नाही त्यांनी."

"मला सांग ना मामा," मी म्हटलं.

मग घणसोली आली तरी तो खाटेचंच सांगत होता, सुंभाची होती, एक पाय आखूड, आजोबा त्याखाली वीट लावायचे, आणि ती वीट अजून आहे अंगणात.