सहा किलो उतरवणारे काका

कोथरूडच्या माझ्या क्लिनिकमध्ये एका सोसायटीतलं जोडपं आलं. दोघंही पन्नाशीच्या आसपास. सोसायटीत वजन कमी करायची स्पर्धा लागलेली. बक्षीस एअर फ्रायर. (कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.) खुर्चीत टेकायच्या आधीच काकांनी तक्रार मांडली, "मॅडम, माझे दीड महिन्यात सहा किलो उतरले. हिचे जेमतेम दोन. जरा समजवा हिला." काकू पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या.

दोघांची पहिली मोजणी माझ्याकडेच झाली होती, म्हणून पुन्हा त्याच मशीनवर उभं केलं. उपाशीपोटी, व्यायामाच्या आधी, लघवीला जाऊन या, असं फोनवर बजावलं होतं. कारण हे मशीन काही चरबी तोलत नाही. हातापायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं. पाणी असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीत अडतो. त्या अडथळ्यावरून, उंची-वय धरून, बाकीचा हिशेब अंदाजाने मांडलेला असतो. दोन तांबे पाणी पिऊन आलात तरी आकडा हलतो.

काका ६८ वरून ६२ वर आले होते, पण चरबी २७ टक्क्यांवरून फक्त २६. म्हणजे सहा किलोंपैकी चरबी सव्वादोनच्या आसपास, उरलेलं दुसरंच काहीतरी. काकूंचं वजन ७१ चं ६९ झालं होतं आणि चरबी ४० वरून साडेसदतीस. म्हणजे अडीच किलो चरबी गेली आणि बाकीचं उलट अर्धा किलो वाढलं. कंबर ९४ सेंटिमीटरवरून ८९.

"मशीन बिघडलंय," काका म्हणाले.

शंका अगदीच चुकीची नव्हती. काका दीड महिना सूप आणि पपईवर होते, भात-पोळी बंद. अशा वेळी शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, साठा संपतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणीही जातं. त्यामुळे पावणेचार किलो स्नायूच गेले असं मी म्हणणार नव्हते. म्हणून पायांची ताकद बघायला दोघांना खुर्चीत बसवून हात छातीशी धरायला लावले आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजलं. काकू १६, काका ११. काकूंनी पर्स बाजूला ठेवली. रोज सकाळी वेताळ टेकडी आणि घरी दोन डंबेल, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

"पण मी तर आधीपासून बारीकच!" काकांचा खरा मुद्दा हा होता. तेव्हा त्यांना पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. ते आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दोघांची ही तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटावर, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना. काकांचाही तोच.

मग ध्येयं नव्याने ठरवली. काकांना आणखी वजन उतरवायचंच नाही. कंबर ९३ आहे ती ९० च्या खाली आणायची, जेवणात पुन्हा पोळी, सोबत उसळ, दही, अंडी, आणि आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम. काटा एखादा किलो वर गेला तरी घाबरायचं नाही. काकूंना लग्नातलं ५२ किलो हवं होतं. ते मी सरळ खोडलं. तीन महिन्यांत साडेतीन किलो, म्हणजे आताच्या वजनाच्या पाच टक्के. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाबात फरक पडू लागतो, आणि ते टिकवता येतं. त्यापुढचं त्यानंतर बघू.

"अहो, आता पपई पुरे," एवढंच काकू म्हणाल्या.

काका कॅलेंडर बघत होते. पुढची मोजणी बक्षीस समारंभानंतर ठेवता येईल का, असं त्यांनी विचारलं. ठेवली.