कंसातलं मौन

मी दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढते. लेखिका वगैरे नव्हे. कुठंतरी सभा, वर्ग, व्याख्यान चालू असतं आणि पडद्याच्या तळाशी अक्षरं धावत असतात ना, ती बेळगावच्या वडगावातल्या आमच्या माडीवर बसून मी दुरुस्त करते. आधी यंत्र ऐकून लिहितं, मग चार सेकंदांत मी त्याच्या चुका काढायच्या आणि ओळ पुढं सोडायची. काम परदेशचं, म्हणून पाळी रात्रीची. आईला अजून नीट पटलेलं नाही. "काय करूलैस गे एवढ्या रात्री?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा येतोच.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एजन्सीकडून काम आलं: अमेरिकेतल्या एका लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या पंथातल्या ख्रिस्ती लोकांच्या, सिनॉडची सभा, दोन रात्री. इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका ह्या संस्थेचे असे ६५ सिनॉड आहेत, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत विभाग म्हणा. कोणता ते करारामुळं सांगता येत नाही. उपासना, हिशेब, ठराव आणि त्या वर्षी बिशपची, म्हणजे सिनॉडच्या प्रमुख धर्मगुरूची, निवडणूक, असा कार्यक्रम होता.

मला चर्चची माहिती शून्य. कॅम्पात आमच्या इंग्रजीच्या बाई राहतात, निवृत्त झाल्यात, त्यांच्याकडं आईला घेऊन गेले. "आम्ही मेथॉडिस्ट गं, लुथरन नव्हे," त्या म्हणाल्या, "पण शब्द सांगते." त्यांनी वहीत दोन पानं भरून दिली. सिनॉड हा मूळचा ग्रीक शब्द. सोबत आणि वाट हे दोन शब्द त्यात जोडलेत. आई म्हणाली, "म्हणजे दिंडी." बाई हसल्या. "दिंडीच, पण जमाखर्चाची वही काखेत मारून निघालेली."

शब्द आधी भरून ठेवले तरी यंत्र ते यंत्रच. पहिल्या अर्ध्या तासात त्यानं सिनॉडचं 'सिन ऑड' केलं, म्हणजे पाप आणि वर विचित्र. ऑग्जबर्ग ह्या जर्मन गावाच्या नावात त्याला 'हॉग्ज', म्हणजे डुकरं दिसली. मी नुसती पळत होते.

आयोजकांनी एक मेल आधीच पाठवली होती. सभागृहात तिसऱ्या रांगेत एक मतदार बसणार होत्या, त्यांना ऐकू येत नाही. त्या टॅबवर माझी अक्षरं वाचणार. त्यांची मागणी एकच: कोणी बोलत नसेल तर तसं कंसात लिहा. "अक्षरं थांबली की मला कळत नाही, की लोक गप्प आहेत की तार तुटली," असं त्यांचं म्हणणं. मी वाचलं, बरं म्हटलं आणि विसरले.

निवडणुकीचा प्रकार मला आधी कळेचना. उमेदवारच नव्हते! आमच्या महापालिकेची २०२१ ची निवडणूक आठवली: ५८ प्रभाग, पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर लढलेली, गल्लीच्या तोंडाशी रिक्षावर भोंगे, एक मराठीत तर पुढचा कानडीत. इथं अर्ज नाही, चिन्ह नाही. पहिल्या फेरीत प्रत्येकानं कोऱ्या मतपत्रिकेवर पात्र पाळकांपैकी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपैकी, कुणाचंही नाव लिहायचं. ज्यांची नावं आली त्यांनी हवं तर माघार घ्यायची. पहिल्या दोन फेऱ्यांत तीन चतुर्थांश मतं मिळाली तरच निवड. नाहीतर तिसऱ्या फेरीत वरचे सातच राहतात आणि दोन तृतीयांश लागतात. चौथीत तिघं, ६० टक्के. पुढं दोघं, आणि मग साधं बहुमत. अट सैल होत जाते, माणसं कमी होत जातात. निवडून आलेल्या बिशपला सहा वर्षं.

मत देणाऱ्यांत किमान ६० टक्के लोक पाळक नसलेले, साधे सभासद असावे लागतात, आणि त्यांत निम्म्या बायका नि निम्मे पुरुष. हे ऐकून मला आमच्या ग्रामपंचायती आठवल्या. तिथंही निम्म्या जागा बायकांच्या, पण सभेत बोलतात त्यांचे नवरे. इथं माइकपुढं बायका स्वतः उभ्या राहात होत्या, आणि बऱ्याच जणी माझ्या बोटांपेक्षा जोरात बोलत होत्या.

पहिल्या रात्री नावांची यादी वाचून दाखवली आणि माझा घाम निघाला. अर्धी आडनावं 'सन'वर संपणारी, आपल्याकडं 'कर'वर संपतात तशी. पण आपल्याकडं निदान 'कर'च्या आधी गावाचं नाव असतं, अंदाज बांधता येतो.

दुसऱ्या रात्री फेऱ्यांच्या मधे इतर कामं चालली. लुथरन वर्ल्ड रिलीफ ह्या संस्थेसाठी गावोगावच्या चर्चमधल्या बायका जुन्या कापडाच्या वाकळी शिवतात, साधारण ६० बाय ८० इंचाच्या, आणि त्या संकटात सापडलेल्या लोकांसाठी परदेशी जातात. त्याची फीत दाखवली. तुकड्याला तुकडा जोडून, वर दोऱ्याच्या गाठी. आमच्या शेजारच्या कानडी अज्जी कौदी शिवतात त्यात आणि ह्यात मला फार फरक दिसला नाही, फक्त ह्यांचे टाके लांब. एरवी मी फीत बघत नाही, कान तेवढे देते. ही बघितली, आणि दोन ओळी चुकल्या.

मग गुंटूरहून आलेले पाहुणे बोलायला उठले. अमेरिकेतल्या लुथरन लोकांनी भारतात पाठवलेले पहिले मिशनरी, फादर हेयर, ३१ जुलै १८४२ ला गुंटूरला पोचले, तेव्हापासूनचा हा संबंध. पाहुण्यांनी सुरुवात आपल्या भाषेत केली आणि यंत्रानं लिहिलं, 'वन डे नालू'. हात थांबला. मराठी शाळेत असताना कानडी सक्तीची होती. तेव्हा वैताग यायचा. पण 'वंदनेगळु' ठाऊक असलेल्या कानाला 'वंदनालु' परकं कसं वाटेल? लिहिलं: तेलुगूत, सर्वांना वंदन. चार सेकंदांच्या आत. त्या रात्री मी स्वतःवर खूश झाले ती तेवढ्यापुरती.

कारण पुढं पाचवी फेरी आली. दोघं उरले होते. आमच्याकडं रात्रीचे दोन वाजत आलेले, तिकडं दुपार. बाहेर वळीव सुरू झाला होता, पत्र्यावर ताशा वाजावा तसा. अध्यक्ष म्हणाले, मत देण्याआधी आपण शांतपणे प्रार्थना करू.

आणि त्याच क्षणी लाइट गेली.

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, राऊटर नव्हता. राऊटरची वायर तिकडं घे म्हणून दादाला दोन महिने सांगत होते. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, जोडला गेला, खूणही हिरवी झाली. पण कानात काही नाही. आता ही प्रार्थना चालली आहे, की आवाज यायचाच बंद झालाय? 'मौन' लिहावं, आणि तिकडं कोणी बोलत असेल तर? न लिहावं, तर तिसऱ्या रांगेतली ती बाई कोऱ्या टॅबकडं बघत बसलेली. मेलमधलं वाक्य आता डोक्यात शिरलं. तिला जे कळत नव्हतं, तेच मला कळत नव्हतं.

हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. पत्र्याचा आवाज नको म्हणून खाली वाकून टेबलाखाली डोकं घातलं. हसू नका, खरंच घातलं. आणि लांबून, अगदी लांबून, कुणीतरी खोकलं. मग एक खुर्ची करकरली. एक लहान मूल काहीतरी म्हणालं आणि त्याला गप्प केलं गेलं.

वर आले आणि टाइप केलं: [मौन प्रार्थना]. पुढच्या काही सेकंदांत तीनशेच्या वर माणसं एकदम 'आमेन' म्हणाली.

मोजणीला वीसेक मिनिटं लागली. तोवर ते गात होते, आणि गाण्याचे शब्द आधीच भरलेले असल्यामुळं मी चहा करून आले. आकडे वाचले, ते मी एकही न चुकता लिहिले. टाळ्या झाल्या. तांत्रिक माणसाचा निरोप आला: तिसऱ्या रांगेतून विचारणा आहे, मधे तार तुटली होती का? मी कळवलं, तुटली होती, पण माझ्या बाजूला. तुमच्याकडं सगळे गप्पच होते.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "कोण आलं निवडून?"

"नाव नाही सांगता येत बाई, करार आहे."

"बरं, बाप्या की बाई?"

"तेही नाही."

"मग दोन पानं उगीच लिहून दिली की तुला," म्हणाल्या आणि फोन ठेवला. रागावल्या नव्हत्या. बहुतेक.

एजन्सीचा तपासणी तक्ता चार दिवसांनी आला. पाचव्या फेरीआधी ४१ सेकंद पडदा कोरा, कारण लिहा. खरं कारण लिहिलं तर पैसे कापतात. मी ध्वनिफीत परत ऐकली, घड्याळ लावून मोजलं आणि रकान्यात भरलं: २७ सेकंद प्रार्थना, १४ सेकंद वळीव.