दापोली ते जयगड, लसूणघास बघत बघत

जानेवारी सरता सरता दापोलीहून निघालो आणि दाभोळ, गुहागर, तवसाळ करत जयगडपर्यंत गेलो. किनाऱ्यालगत लसूणघास, म्हणजे गुरांना घालायचा ल्यूसर्नचा हिरवा चारा, कुणी लावलाय आणि तो खरंच येतो का, एवढंच बघायचं होतं. आपल्याकडे गोठ्यात पेंढ्याला तोटा नाही पण नुसत्या पेंढ्यावर म्हैस दूध देत नाही, पेंडीचे भाव तर बघताय तुम्ही, आणि घाटावरचे सोयरे आले की हमखास विचारतात, घास का नाही लावत? म्हणून ज्यांना लावायचाय किंवा हीच फेरी मारायचीय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

दापोलीच्या आसपास पहिला प्लॉट बघितला तो वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर, लाल जांभ्याची माती. शेतकऱ्याने कसर काही ठेवली नव्हती, शेणखत, स्प्रिंकलर सगळं, तरी घास वीतभर वाढून पिवळा पडून थांबलेला. परवानगी घेऊन दोन रोपं उपटून बघितली तर मुळावर गाठी, ज्यातले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला देतात, त्या जवळपास नाहीतच. आपली जांभ्याची माती आंबट, सामू (पीएच) बऱ्याच ठिकाणी साडेपाच-सहाच्या आसपास, आणि लसूणघासाला साडेसहाच्या वर लागतो. आंबट मातीत त्याचे जिवाणू तग धरत नाहीत, टाकलेलं स्फुरद (फॉस्फरस) मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम धरून बसतं, गाठींना लागणारं मॉलिब्डेनमही नीट मिळत नाही, मग वरून कितीही पाणी द्या. तेव्हा आधी माती तपासून घ्या आणि चुना किती लागेल ते त्या रिपोर्टवरूनच ठरवा, शेजाऱ्याने टाकला म्हणून तेवढाच टाकू नका. चुना पेरणीच्या निदान दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळलेला हवा. कोकण कृषी विद्यापीठ दापोलीतच आहे, गेलाच आहात तर चाऱ्याच्या पिकांबद्दल तिथेही विचारून या.

दाभोळला गाडी फेरीबोटीत घालून धोपाव्याला उतरलो, चिपळूणचा वळसा वाचतो. तिथनं गुहागर.

या फेरीतलं बघण्यासारखं जे होतं ते गुहागरच्या बाजूला. समुद्रापासून जवळच एक आगर, नारळ-सुपारीच्या पुढे मोकळी जागा, दिवसभर ऊन, आणि माती रेताड, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली. शिंपला म्हणजे चुनाच, त्यामुळे इथे वेगळा चुना न टाकता घास काळाभोर हिरवा, गुडघ्याला लागणारा. तीन-चार गुंठेच असेल, पण बघून बरं वाटलं. हे सगळं त्या घरच्या वहिनी बघतात. गुंठ्याला पाव किलो बी, रात्रभर भिजवून, ओळीत फूटभर अंतर ठेवून अगदी वरवर पेरलेलं, खोल गेलं तर उगवत नाही. जिवाणू खत लावलं होतं का विचारलं तर म्हणाल्या, "लावलं तर, आणि घासाचंच लावलं, चवळीचं चालत नाही ह्याला." हे अगदी बरोबर आहे. लसूणघासाचा रायझोबियम, म्हणजे गाठीतला जिवाणू, वेगळा असतो आणि आपल्या मातीत हे पीक पूर्वी झालेलंच नसल्याने तो आयता मिळत नाही, बी पेरतानाच लावायचा. नंतर एखादं रोप अलगद उपटून गाठ फोडून बघायची, आत गुलाबी दिसली की काम चालू आहे.

कापणीचं विचारलं तर त्यांनी विळा हातात घेऊन दाखवलंच. "दादा, खाली चार बोटं ठेवायची. कोंब तिथनंच फुटतो. मुळासकट खरवडलं की झालं, पुढच्या वेळेला निम्मा." पहिली कापणी साधारण दोन महिन्यांनी, मग दर पंचवीस-तीस दिवसांनी, फुलं नुकती दिसायला लागली की. फुलं पूर्ण येऊ दिली तर काडी जून होते आणि जनावर ती टाकून देतं.

आता खायला घालण्याचं, आणि ह्यात हयगय नको. ओला घास, त्यातही दव असलेला, उपाशी जनावराने भसाभसा खाल्ला की पोट फुगतं आणि तासाभरात जनावर हातचं जाऊ शकतं. वहिनी दव वाळल्यावर कापतात, काही तास सुकवतात, आधी पेंढा टाकतात आणि मग कुट्टी करून पेंढ्यातच मिसळून देतात. हाच प्रकार सगळ्यांनी करावा. डाव्या कुशीला फुगवटा दिसला की लगेच डॉक्टरला फोन, तो नंबर गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि पेंढ्याबरोबर देण्यातच ह्याचा खरा फायदा आहे. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, कॅल्शियमही कमी, आणि लसूणघासाच्या सुक्या भागात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास, कॅल्शियम भरपूर. पाच किलो ओल्या घासात पाणी वजा जाता साधारण एक किलो सुका माल, म्हणजे दोनशे ग्रॅम प्रथिनं. पेंड पूर्ण बंद होणार नाही पण आंबोणातली, म्हणजे रोजच्या खुराकातली, कमी नक्की करता येते.

पुढे तवसाळहून पुन्हा एक फेरीबोट, जयगड. इथे खाडीकाठचा प्लॉट बघितला, उगवण विरळ. विहीर मार्चनंतर मचूळ होते म्हणाले. मोठा झालेला घास थोडं खारं पाणी सोसतो पण उगवताना नाही, त्यामुळे खाडीजवळ असाल तर पाणी गोडं असतानाच पेरणी उरका, आणि एप्रिलमध्ये विहीर काय करते ते आधी बघा. त्याच गावात एकांनी शेळ्यांसाठी उतारावर स्टायलो नावाचा चारा टाकलाय, तो आंबट मातीत विनातक्रार येतो. ज्यांच्याकडे नुसता कातळ आणि वरकस आहे त्यांनी लसूणघासाच्या मागे न लागता स्टायलो, खाचरात भातानंतर चाऱ्याची चवळी आणि बांधाला हायब्रीड नेपियर गवत हे करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटावर घास एकदा लावला की तीन-चार वर्षं ठेवतात, ते इथे डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, मुळाशी पाणी तुंबलं की मूळ कुजतं. नोव्हेंबरात पेरा, मेपर्यंत पाचेक कापण्या घ्या आणि पावसाआधी नांगरून टाका, त्याच जागी भात घेतलात तर नत्र भाताला मिळतं. जांभ्याच्या मातीत पाणी झरझर निघून जातं म्हणून हिवाळ्यात आठवड्याच्या आत पाण्याची पाळी लागते, हे विहिरीचा हिशोब करताना धरा. कुंपण मात्र पेरणीच्या आधी, कारण भात कापलं की गुरं मोकळी सुटतात आणि आजूबाजूला सगळं सुकलेलं असताना हिरवा तुकडा एका रात्रीत साफ होतो. गडगा असेल तर उत्तम, नाहीतर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) मेढी आणि काटे.

बी मागवताना आरएल-८८ किंवा आनंद-२ असं वाणाचं नाव सांगून सीलबंद पाकीट घ्या, सुटं बी नको, त्यातून अमरवेल येते आणि एकदा वाफ्यात शिरली की घासाला वेढून खाऊन टाकते, दिसली तर तेवढा भाग कापून जाळायचा. जिवाणू खताच्या पाकिटावरची तारीख बघा आणि ते उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. फेरी मारायची तर जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा पहिली-दुसरी कापणी बघायला मिळते, आणि फेरीबोटीच्या वेळा धक्क्यावर आधी विचारून घ्या, शेवटची चुकली तर वळसा फार लांबचा पडतो.