मोंते ग्रोना: चढाई १०४० की १४००?

मंडळी, आकडा सापडला! तीन आठवडे ज्याने झोप उडवली होती, तो इटलीतल्या मोंते ग्रोना या डोंगराच्या चढाईचा आकडा काल रात्री जुळला. आणि जुळताच त्याने परतीचा सगळा बेत मोडून टाकला.

मागचं वाचलेल्यांना ठिकाण माहीत आहे. कोमो तलावाच्या पश्चिम काठावर मेनाजो, त्याच्या डोक्यावर ब्रेलिया (साधारण ७५० मी.), तिथून रिफ्यूजो मेनाजो ही डोंगरातली मुक्कामाची झोपडी (१३८३ मी.), मग माथा १७३६ मी. कळसूबाईपेक्षा जेमतेम नव्वद मीटर उंच. तलावाच्या पूर्वेला ग्रिन्या आणि रेसेगोने या डोंगरांवर रविवारी जत्रा भरते, इथे तेवढी गर्दी नसते. म्हणून तर हा डोंगर निवडला.

तर घोळ असा. माझा जीपीएक्स ट्रॅक (वाटेच्या जीपीएस बिंदूंची फाइल) एकच, साडेपाच किलोमीटरचा. एका ॲपवर टाकला तर चढाई १४०० मीटर, दुसऱ्यावर ११९०. पायथा आणि माथा यांतला सरळ फरक ९८६. वाटेत एवढी मोठी उतरण कुठेच नाही, मग हे चारशे मीटर आले कुठून? शेवटी ट्रॅकचा एकेक बिंदू उघडून बसलो, तेव्हा उलगडलं. उंचीचा डेटा साधारण ३० मीटरच्या चौकटींचा. ४० अंशांच्या उतारावर वाट आडवी चालली असेल आणि ट्रॅक नुसता १० मीटर बाजूला सरकला, तर उंची ८ मीटरने बदलते. एका बिंदूला वर, पुढच्याला खाली. ॲप वरची प्रत्येक उसळी चढाईत मिळवत जातं, खालची वजा करत नाही. त्यात खालच्या टप्प्यात दाट झाडी, म्हणजे काही बिंदूंना जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांची उंची.

१० मीटरपेक्षा लहान उसळ्या गाळल्या, आकडा ११०० वर आला. ५ मीटरची चाळण लावली, १२४० वर गेला. चाळणीनुसार डोंगर बदलत असेल तर त्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?

मग कागद काढला. स्विस सीमा जवळ असल्यामुळे हा भाग स्विसटोपोच्या, म्हणजे स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशासंस्थेच्या, नकाशात येतो. १:५०,००० चा २८७ क्रमांकाचा तक्ता, नावच 'मेनाजो'. कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, २० मीटरच्या अंतराने. टाचण्या आणि दोरा घेऊन वाट आखली आणि चढताना ओलांडलेल्या रेषा मोजल्या. बावन्न. १०४० मीटर! पुन्हा मोजल्या, पुन्हा बावन्न. त्या क्षणाचा आनंद घरात कोणाला समजावता आला नाही, तुम्हाला समजेल. माझं ठाम मत: वाटांचे क्रमांक पाहायला कोम्पास कंपनीचा नकाशा चांगला, पण कातळ आणि घळ वाचायची असेल तर स्विस तक्त्याला तोड नाही.

आता वेळ. सूत्र आपलं नेहमीचंच: तासाला ३०० मीटर चढ, ५०० मीटर उतार, ४ किलोमीटर सपाट; उंचीची आणि अंतराची वेळ वेगळी काढून मोठ्या वेळेत लहान वेळेची निम्मी मिळवायची. चढायला ४ तास १० मिनिटं, ब्रेलियापर्यंत उतरायला २ तास ४०. फलकावरच्या वेळा यापेक्षा कमी असतात, पण सोबत पहिल्यांदाच आल्प्सला येणारे दोघे आहेत, मी कमी धरणार नाही. मिलानहून वारेन्नापर्यंत तासाभराची रेल्वे, धक्क्यावरून पंधरा मिनिटांची लाँच, मग ब्रेलियाची बस. रविवारी बस मोजक्याच. थांबे धरून हिशोब मांडला तर उतरताना शेवटची बस वीस मिनिटांनी हुकते.

मोंते ब्रेगान्यो (२१०७ मी.) जोडायचं स्वप्न तिथेच संपलं. वाईट वाटलं. ग्रोना डोलोमाइटचा, सुळक्यांचा; शेजारचा ब्रेगान्यो गवताळ, गोल पाठीचा. दोन्ही एका दिवसात पाहायचे होते.

हे लिहितानाच सुचतंय: बस हवीच कशाला? वर जाताना बस, खाली पायीच मेनाजोपर्यंत! लाँच बसपेक्षा उशिरापर्यंत असते. व्हिआ देई मोंती लारियानी ही लांब पल्ल्याची पायवाट ब्रेलियातूनच जाते, आणि प्लेसियो-लोवेनोमार्गे जुन्या दगडी पायवाटांनी खाली उतरता येतं. उतार १५३६ मीटर, दहाएक किलोमीटर. सूत्राने ४ तास २० मिनिटं. गुडघ्यांना जड आहे. पण बसच्या घड्याळाकडे बघत माथ्यावर बसावं लागणार नाही. तिथून कोमो, लुगानो आणि पियानो असे तीन तलाव दिसतात, त्यासाठी अर्धा तास तरी हवाच.

मात्र दिवस मावळायच्या आत धक्क्यावर पोचायचं, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जाण्याआधीच्या एखाद्या रविवारी जायला हवं. रिफ्यूजोतून तीन वाटा आहेत: नेहमीची, दिरेत्तीसिमा (थेट, खड्या चढाची) आणि व्हिआ फेर्राता (कातळात लोखंडी दोर ठोकलेली). आपण नेहमीचीच, फोर्कोलेत्ताच्या खिंडीतून.

काठीचं झिजलेलं टोक बदललं. एका दुकानाने दोनदा चुकीच्या मापाचं दिलं, तिसऱ्यांदा मी काठीच घेऊन गेलो.

येत्या शनिवारी एकटाच जाऊन फक्त ब्रेलिया ते मेनाजो उतरतो, वेळ मोजतो. अडीच तासांच्या आत झालं तर तिकिटं काढतोय.