जिनिंगचा काटा अडला तो सोमवार

कापसाच्या हंगामातला सोमवार. अमळनेर-चोपडा रस्त्यावरच्या एका जिनिंगमधून सकाळीच शेठचा फोन आला, "भाऊ, सर्व्हरवरच्या सगळ्या फाइलींची नावं बदलली आहेत आणि इंग्रजीत एक चिठ्ठी येतेय." एवढं ऐकलं की पुढचं सांगावं लागत नाही: रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. नेटवर्कची वायर काढा, पण सर्व्हर बंद करू नका, असं सांगून मी निघालो. चालू मशिनच्या मेमरीत कधी कधी कामाचे पुरावे सापडतात, ते बंद केल्यावर जातात.

पोचलो तेव्हा ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेली होती. काट्याचा संगणक काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, काढत नव्हता. कापूस भरलेला, ट्रॅक्टर भाड्याचा, आणि वजन होत नाही तोवर भाडं चढत राहणार. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला गाठून विचारलं, "भाऊ, आते कसं व्हई?" आप्पा, म्हणजे तिथले जुने मुनीम, यांनी कार्बनचं बुक काढलं आणि हाताने पट्ट्या लिहायला सुरुवात केली. रांग हलली ती त्यांच्यामुळे.

काट्याच्या खोलीत जे पाहिलं ते मी अनेकांना सांगत आलोय. स्क्रीनच्या कोपऱ्यात अँटिव्हायरसची हिरवी खूण. लायसन्स चालू, अपडेट आदल्या दिवशीचं. आणि त्याच संगणकाच्या शेअर केलेल्या फोल्डरमधली एकही फाइल उघडत नव्हती. शेठचा आवाज चढला, "दरवर्षी पैसे भरतो ते कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. उत्तर असं की फाइली कुलूपबंद करणारा प्रोग्राम त्या संगणकावर चाललाच नव्हता. तो चालला सर्व्हरवर, आणि तिथून नेटवर्कने शेअर फोल्डरांत शिरून त्याने फाइली बदलल्या. काट्यावरच्या अँटिव्हायरसच्या लेखी सर्व्हर रोजच्यासारखा फाइली लिहीत होता, बस. काही महागड्या आवृत्त्या अशा लिखाणाचा वेग आणि ढंग पाहून ते अडवतात. इथली आवृत्ती साधी होती.

मग सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. घरून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, दिसावी म्हणून कोणीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं (दुरून संगणक चालवण्याचं) ३३८९ पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, थेट इंटरनेटला उघडं करून ठेवलेलं. ४६२५ नंबरच्या नोंदी, म्हणजे फसलेली लॉगिन, रात्रंदिवस एकामागून एक. आणि शनिवारी रात्री त्यांच्या मधोमध एक ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन. पासवर्ड जुळला होता. खात्याचं नाव 'टॅली', पासवर्ड त्याच्याच वळणाचा, आणि अधिकार ॲडमिनचे, म्हणजे सगळं बदलता येण्याचे.

अँटिव्हायरसने तेव्हा काय केलं हे मला नीट पाहायचं होतं. आत आलेल्याने आधी पासवर्ड चोरण्याचं मिमिकॅट्झ हे हत्यार टाकलं. ते लगेच पकडलं गेलं, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळं कोंडून ठेवलं गेलं आणि इशाऱ्याची मेलही सुटली. मेल गेली नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या पत्त्यावर. हे वाचताना खरंच जीव हळहळला. शनिवारी रात्री ती मेल कोणाच्या मोबाईलवर वाजली असती, तर सर्व्हरची वायर काढायला पुष्कळ वेळ होता. पुढे त्या घुसखोराने ॲडमिन म्हणून अँटिव्हायरसच काढून टाकला, कारण अनइन्स्टॉलला पासवर्ड लावलेला नव्हता. विंडोज आपोआप ठेवतं त्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, पुसल्या आणि मग फाइली कुलूपबंद केल्या. किल्लीने दार उघडून आत आलेला माणूस घरमालक आहे की चोर, हे ओळखायला त्या साध्या आवृत्तीकडे काही नव्हतं.

पण त्याच रात्रीची दुसरी नोंद आप्पांच्या संगणकावर मिळाली. तोच प्रोग्राम तिथेही थेट चालवायचा प्रयत्न झाला होता. तिथे 'टॅली' खात्याला ॲडमिनचे अधिकार नव्हते, म्हणून अँटिव्हायरस काढता आला नाही, आणि त्याने फाइल चालू होताच तिला अडवलं. जुनी यादी चाळली तर पेनड्राइव्हवरून आलेले व्हायरस, बिलाच्या नावाने आलेल्या, आत मॅक्रो (छोटा प्रोग्राम) दडवलेल्या फाइली, सगळं गुपचूप थोपवलेलं. हे काम दिसत नाही, म्हणून त्याचं मोल कोणी धरत नाही. आप्पा रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप आपल्याच संगणकावर, शेअर न केलेल्या फोल्डरमध्ये घेत. शनिवार संध्याकाळपर्यंतची सगळी खाती तिथून परत मिळाली. काट्याचा डेटा मात्र गेला. हंगामाच्या काटापट्ट्या कार्बन प्रतींवरून पुन्हा भराव्या लागल्या.

खंडणी देऊ नका, असं मी शेठना स्पष्ट सांगितलं. पैसे देऊनही किल्ली मिळेलच असं नसतं. 'नो मोअर रॅन्सम' या मोफत किल्ल्या देणाऱ्या साइटवर शोधलं, या प्रकाराची मोफत किल्ली तिथे नव्हती. २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचा असतो, तेही दुपारच्या आत करून घेतलं.

सर्व्हर विंडोज २००८ आर२ वर होता. त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. या वेळी घुसायला ते भोक लागलं नाही, पण कधीही लागलं असतं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा असाच खंडणीचा प्रोग्राम पसरला, तेव्हा तो ज्या भोकातून शिरला त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच निघालेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता, त्यांच्या मशिनी वॉनाक्रायला सापडल्या. विंडोजचं भोक बुजवणं हे अँटिव्हायरसचं काम नाही, तो फार तर त्यातून येणारं काही अडवतो.

संध्याकाळी शेठनी विचारलं, "मग कंपनी बदलू का?" मी नको म्हणालो. तोच अँटिव्हायरस ठेवा, अनइन्स्टॉलला पासवर्ड लावा, इशारे तुमच्या आणि आप्पांच्या मोबाईलवर येऊ द्या. बदलायचे पैसे नव्या सर्व्हरला आणि दोन बाहेरच्या डिस्कना लावा, त्यातली एक कायम काढून ठेवायची. राउटरवरचं पोर्ट मी निघण्याआधीच बंद केलं. घरून टॅली आता व्हीपीएननेच, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद खासगी वाटेनेच उघडते, आणि ती एक पायरी जास्तीची वाटते अशी शेठची तक्रार अजून चालू आहे.