रेटी अभ्यासनोंद, टप्पा ३: एका चालीत दोन कामे

मागच्या दोन टप्प्यांत बुद्धिबळपटू रिचर्ड रेटीची ओपनिंग्ज (डावाच्या सुरुवातीच्या चाली) घोटून झाली, पण गाडी तिथेच अडली. पटाचा मध्य तो इतका वेळ प्याद्यांविना का सोडतो, हे चाली पाठ करून कळत नाही. म्हणून या वेळी उलट्या टोकाने सुरुवात केली: आधी एंडगेम (मोजकी मोहरी उरलेला शेवट), मग डाव.

पट मांडा. (घराचे नाव म्हणजे स्तंभाचे अक्षर आणि ओळीचा आकडा; मोहऱ्याचे नाव नसलेली चाल प्याद्याची; आकड्यापुढे तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल.) पांढरा राजा एच८, प्यादे सी६. काळा राजा ए६, प्यादे एच५. खेळी पांढऱ्याची, साधायची बरोबरी. रेटीची १९२१ची ही रचना मांडताना काळा राजा चुकून बी६वर ठेवला जातो. मग तो सी६चे प्यादे लगेच खातो आणि पांढरा हरतोच. उत्तर सापडत नसेल तर आधी ए६ तपासा.

सरळ पाठलाग केला तर (१. राजा एच७ एच४ २. राजा एच६ एच३) प्यादे हाती लागत नाही. उत्तर असे: १. राजा जी७ एच४ २. राजा एफ६. आता काळ्याने २...एच३ केले तर ३. राजा ई७ एच२ ४. सी७ राजा बी७ ५. राजा डी७, आणि दोघांच्याही प्याद्यांचे वजीर होतात. २...राजा बी६ला ३. राजा ई५! इथेच बहुतेक जण ३. राजा जी५ खेळून घसरतात; ३...एच३ ४. राजा जी४ एच२, राजा एक पाऊल मागेच राहतो. ई५नंतर ३...राजा घेतो सी६ ४. राजा एफ४ एच३ ५. राजा जी३ एच२ ६. राजा घेतो एच२. काळ्याने ३...एच३ केले तर ४. राजा डी६ आणि पुन्हा दोन वजीर.

आता बोटाने घरे मोजा. एच८ ते एच२ सरळ सहा पावले. ई५वरून वळसा घालूनही सहाच. कागदावरच्या भूमितीत हे बसत नाही, पटावर बसते, आणि वाटेत दुसरे काम फुकटात होते. इंजिन (चाली तपासणारा संगणक-प्रोग्राम) मात्र बंद ठेवा. शून्य, म्हणजे बरोबरीचा आकडा, दिसला की कोडे संपले.

हे डोक्यात ठेवून १९१०चा व्हिएन्नातला टार्टाकोव्हरविरुद्धचा डाव परत लावला. ८. वजिराच्या बाजूला कॅसलिंग, घोडा घेतो ई४, ९. वजीर डी८ शह! राजा घेतो डी८, १०. उंट जी५. एकाच चालीत उंट आणि डी१चा हत्ती, दोघांचा शह. १०...राजा सी७ ११. उंट डी८ मात, १०...राजा ई८ला हत्ती डी८ मात.

टप्प्याचा बराच वेळ गेला तो न्यूयॉर्क १९२४च्या कापाब्लांकाविरुद्धच्या डावात. तेव्हाचा विश्वविजेता कापाब्लांका १९१६नंतर हरलेला नव्हता. इथे रेटी दोन्ही उंट बी२ आणि जी२वर बसवतो, डी४ थेट १६व्या चालीला येते. नकल करणारे इथेच चुकतात: उंट बसवतात आणि मध्यावर घाव घालायचे विसरतात. मग तो बी२चा उंट नुसता शोभेचा. २०व्या चालीला काळा वजीर सी४चे प्यादे खातो, आणि २१. उंट घेतो जी७, राजा घेतो जी७, २२. वजीर बी२ शह. वजीर डी२वरून हलला की डी१च्या हत्तीची वाट मोकळी. शह चुकवेपर्यंत पुढच्या चालीला डी६चे प्यादे पडते. सहा पावलांच्या राजाचीच ही युक्ती. ३१व्या चालीला कापाब्लांकाने डाव सोडला. स्पर्धेत मात्र रेटी पाचवा, २०पैकी साडेदहा गुण. लास्कर १६ गुणांसह पहिला.

बाकीची चरित्रनोंद थोडक्यात. जन्म १८८९, पेझिनोक, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत. १९२०ला गोटेनबर्ग जिंकले. नव्या कल्पनांवरचे पुस्तक जर्मनमध्ये १९२२ला. उस्तादांवरचे दुसरे निधनानंतर आले. १९२५ला साओ पाउलोत पट न बघता २९ डाव एकाच वेळी: २१ जिंकले, ६ बरोबरीत, २ हरले. १९२९ला प्रागमध्ये स्कार्लेट फीव्हरने निधन, वय अवघे ४०.

पुढच्या टप्प्यासाठी न्यूयॉर्क १९२४चाच येट्सविरुद्धचा डाव लावून ठेवा. १२व्या चालीला हत्ती सी२वर येतो; तिथे थांबा आणि १३वी चाल स्वतः लिहा. पांढरा वजीर कुठल्या घरात जातो, ते त्यानंतरच पाहा.