‘अतिरेकी’ हा शब्द मी मागे घेतला तो दिवस

२ मे २०२५, शुक्रवार. दुपारी चारला डेस्कवर आले तेव्हा परदेशाच्या पानाची मुख्य बातमी ठरलेली होती. जर्मनीच्या घटना संरक्षण कार्यालयानं, म्हणजे तिथल्या देशांतर्गत गुप्तचर खात्यानं, ‘एएफडी’ (‘अल्टरनेटिव्ह फॉर जर्मनी’) या पक्षावर ‘राइट-विंग एक्स्ट्रीमिस्ट’ असा शिक्का मारला होता. आधीचा ‘संशयित’ हा शेरा जाऊन आता ‘खात्रीशीर’ आला होता. पक्ष काही चिल्लर नाही. फेब्रुवारीतल्या निवडणुकीत त्याला २०.८ टक्के मतं आणि १५२ जागा मिळाल्या, तो थेट दुसऱ्या क्रमांकावर आला.

वेबसाइटला बातमी तातडीनं हवी होती. एजन्सीच्या कॉपीवरून मी सहा ओळी केल्या आणि हेडिंग दिलं : ‘जर्मनीतील दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष अतिरेकी घोषित’. एक्स्ट्रीमिस्टला अतिरेकी हाच शब्द हाताशी होता. घाईत मला तेवढा पुरला.

साडेसहाला फोन आला. कोथरूडहून एक वयस्कर गृहस्थ बोलत होते. आवाज चाचरत होता.

“ताई, तुमच्या बातमीत अतिरेकी लिहिलंय. आमची लेक आणि जावई श्टुटगार्टला असतात. तिकडं काही झालंय का? दोघंही फोन उचलत नाहीत.”

जर्मनीत तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दोघं कामावर असणार. काही झालेलं नाही, हल्ला वगैरे काही नाही, असं मी त्यांना दोनदा सांगितलं.

“मग अतिरेकी कोण?”

मला उत्तर देता येईना. थोड्या वेळानं मी स्वतः फोन करते म्हटलं आणि त्यांचा नंबर कॉपीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतला.

पहलगामचा दहशतवादी हल्ला होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. पुण्या-डोंबिवलीची माणसं त्यात गेली होती. ते दहा दिवस आम्ही पहिल्या पानावर रोज हाच शब्द छापत होतो. मराठी वाचकाला अतिरेकी म्हटलं की बंदूक घेतलेला माणूस दिसतो. मला हे माहीत होतं आणि तरीही मी तो शब्द एका निवडून आलेल्या पक्षाला लावला होता. तो पक्ष मला पटतो की नाही, हा प्रश्नच वेगळा. शब्द खोटा होता.

हेडिंग ताबडतोब उतरवलं आणि मुख्य उपसंपादकांकडे गेले. “अतिउजवा कर आणि सोड,” ते म्हणाले. आम्ही सगळे तेच करतो. फ्रान्सची निवडणूक असो की इटलीची, अतिउजवा, अतिडावा. पण त्या दिवशी माझी बोटं तिथं अडली. अतिउजवा म्हणजे नक्की किती उजवा? उजवं-डावं हे मुळात बसण्याच्या जागेवरून आलं. १७८९मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार हवा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, नको म्हणणारे डाव्या हाताला. त्या खुर्च्यांच्या मागे ‘अति’ची रेघ कुणी आखलेली नाही. ती आपण कुठून पाहतो त्यावर सरकते. बातमीदारानं अतिउजवा म्हटलं तर ते त्याचं वर्णन झालं. इथं मात्र सरकारी खात्यानं कायद्यातला शब्द वापरला होता, आणि त्या शब्दाला तिथं ठरलेला अर्थ आहे.

“सर, दहा मिनिटं द्या,” म्हटलं. पान सोडायला अजून अवकाश होता.

जर्मनीत ‘रॅडिकल’ आणि ‘एक्स्ट्रीमिस्ट’ वेगळे धरतात, हे त्या दहा मिनिटांत मला नीट उमगलं. भांडवलशाही मुळापासून उपटून काढा म्हणणारा माणूस तिथं रॅडिकल ठरेल, आणि तसं म्हणायची त्याला मोकळीक आहे. माणसाची प्रतिष्ठा, लोकशाही आणि कायद्याचं राज्य हा घटनेचा पायाच उखडायला निघालेला तो एक्स्ट्रीमिस्ट. डावा असो की उजवा, मोजपट्टी एकच. तिथल्या घटना न्यायालयानं १९५२मध्ये नाझी वळणाच्या एका पक्षावर बंदी घातली आणि १९५६मध्ये कम्युनिस्ट पक्षावर. खात्याचंही चुकतं. डाव्या पक्षाचे बोडो रामेलो यांच्यावर खात्यानं वर्षानुवर्षं नजर ठेवली होती. २०१३मध्ये घटना न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्याच वर्षी रामेलो थुरिंगिया राज्याचे मुख्यमंत्री झाले.

एएफडीबद्दल खात्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं : हा पक्ष ‘जर्मन जनता’ वंशावरून ठरवतो आणि जर्मन नागरिकत्व असलेल्या काही लोकांनाही बरोबरीचं मानत नाही. मला हे वाक्य बातमीत सगळ्यात वर हवं होतं. आरोप काय आहे ते कळलं की शिक्क्याचं वजन वाचक स्वतः करतो.

राहिला शब्द. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं ‘जहाल’ सुचवला. सर लगेच म्हणाले, “जहाल टिळकांना म्हणायचे.” खरं आहे. सुरतेत काँग्रेस फुटली ती जहाल आणि मवाळ अशी. त्याच १९०७च्या जानेवारीत टिळकांनी कलकत्त्याच्या भाषणात सांगितलं होतं, की हे शब्द काळाप्रमाणे बदलतात. कालचे जहाल आज मवाळ ठरले, तसेच आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. मराठीत जहाल या शब्दाला मान आहे, त्यागाचा वास आहे. तो इथं बसणार नव्हता. ‘कडवा’ बसला. पण नुसता कडवा म्हणजे स्वभाव झाला, म्हणून त्याच्या आधी ‘घटनाविरोधी’ जोडला. सव्वाआठला हेडिंग ठरलं : ‘ ‘एएफडी’ घटनाविरोधी, कडवा उजवा पक्ष, जर्मन गुप्तचर खात्याचा ठपका’. खाली पट्टी : ‘पक्षावर बंदी नाही, तो अधिकार फक्त घटना न्यायालयाचा’. ‘ठपका’ मी हट्टानं ठेवून घेतला. हा निकाल नव्हता, एका खात्याचं मत होतं. झालंही तसंच. पक्ष कोर्टात गेला आणि ८ मेला खात्यानं, कोर्ट काय म्हणतं ते कळेपर्यंत हा शिक्का वापरणार नाही, असं कळवलं. ती बातमी आम्ही त्याच पानावर, तेवढ्याच जागेत लावली.

दोन महिन्यांनी तोच ‘कडवा’ शब्द घरच्या पानावर आला. जुलैत महाराष्ट्राच्या विधिमंडळानं, संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्यात ‘कडवी डावी विचारसरणी’ होती. कडवी कशावरून ठरवायची आणि कोण ठरवणार, हाच आक्षेप घेणाऱ्यांचा मुख्य मुद्दा होता. तो मला जवळचा वाटला. कारण बाजू उजवी असो की डावी, मोजपट्टी आधी लिहून ठेवलेली नसेल तर असा शब्द कुणालाही चिकटवता येतो. गडचिरोलीत भूसुरुंग पेरणारा आणि पुण्यात मोर्च्यात घोषणा देणारा हे दोघं एका शब्दात मावता कामा नयेत, असं मला मनापासून वाटतं.

त्या रात्री नऊला पान सोडलं आणि कोथरूडचा नंबर लावला. लेकीचा फोन येऊन गेला होता, आवाज निवळला होता. चूक माझी होती, शब्द मी लिहिला होता, असं सांगून माफी मागितली. मग त्यांनीच विचारलं, “पण ताई, त्या पक्षावर ठपका तरी कसला?” मी ते वाक्य वाचून दाखवलं. खात्यानं मुस्लिमबहुल देशांतून आलेल्या कुटुंबांचा खास उल्लेख केला होता, तोही सांगितला.

पलीकडे थोडा वेळ शांतता. “लेकीनं गेल्या वर्षी तिथलं नागरिकत्व घेतलं,” ते म्हणाले. “इथला पासपोर्ट परत केला. मग त्यांच्या लेखी ती जर्मन, की नाही?”

निवेदनात भारतीयांबद्दल वेगळं काही नाही, एवढंच मला सांगता आलं. ते वाक्य पुन्हा एकदा वाचा, म्हणाले. या वेळी कागद-पेन घेऊन बसले होते. मी सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचलं.